दाखल्यावरची आडवी रेघ

ता. ९ जानेवारी

प्रिय धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. मी इथे बरा आहे, तुम्ही सगळे बरे असाल. आईचे गुडघे कसे आहेत ते लिही. तिला म्हणावं, मी वेळेवर जेवतो, उगाच विचारत बसू नकोस. फोनवर सगळं बोलता येत नाही, खोलीत आम्ही आठ जण आणि तिकडे फोन तुझा. म्हणून कागद पाठवायच्या निमित्ताने आपण लिहितो तेच बरं.

तुझं पाकीट मिळालं. पोराच्या जन्मदाखल्याची नक्कल झकास आहे. कागद जाड, गोल शिक्का नीट उमटलेला, साहेबाची हिरव्या शाईतली सहीसुद्धा आहे. त्यासाठी नगरपालिकेत किती खेटे घातलेस ते तू लिहिलंस, मी वाचलं. उपकार झाले.

पण काम झालं नाही. इथल्या कामगारांच्या खोल्या वाटणाऱ्या कारकुनाने नक्कल उजेडात धरली आणि मधोमध बोट ठेवलं. आईचं नाव आहे, बापाचं आहे, तारीख आहे, आणि जिथे पोराचं नाव पाहिजे तिथे नुसती आडवी रेघ. म्हणाला, "कोणाला आणणार इकडे, या रेघेला?" मागे उभे होते ते सगळे हसले. नाव चढवून नवीन नक्कल आण, तरच जोडप्यांच्या इमारतीत खोली देतो म्हणतो. नाहीतर मी आहे आणि माझी खाट आहे.

ती रेघ माझ्यामुळे पडली हे तू लिहायची गरज नव्हती. पोर झालं तेव्हा फोनवर मीच बजावलं होतं की इस्पितळात कोणी नाव द्यायचं नाही, मी येऊन ठेवीन. तेव्हा वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांत येतोच आहे. मालकाने रजा दिली नाही. आता पोर उभं राहायला लागलंय म्हणे.

नाव चढवायचा अर्ज तू पाठवलास तोही मिळाला. आईबापांच्या दोघांच्या सह्या लागतात, तुझ्या वहिनीची झालेली दिसते. तिने फार दाबून केलीय, कागदाच्या मागून बोट फिरवलं तर लागते. माझीही करतो. पण तूच लिहिलंस की एकदा नाव चढलं की परत बदलत नाही, म्हणजे शांतपणे भरायला पाहिजे. इथे धड पेनसुद्धा नाही. बघतो या आठवड्यात.

कचेरीतली गंमत वाचली. पोर तुझ्या खांद्यावर बघून खिडकीतला बाबू म्हणाला, "वडील तुम्हीच ना? करा इथे सही." आणि तू म्हणालास, "मी काका आहे साहेब, बढती मिळाली की कळवतो." अख्खी रांग हसली म्हणतोस. चांगला विनोद आहे. खोलीतल्या लोकांना वाचून दाखवणार होतो, राहून गेलं.

तू आणि तुझी वहिनी पोराला घेऊन गेलात कसे? बसने की तुझ्या सायकलवर? सहज विचारतो. तुझी सायकल मागून डुगडुगते.

आणि त्याला पंपू म्हणायचं बंद कर. तुझ्या सायकलच्या दुकानातल्या पंपाचा फसफस आवाज ऐकला की पोर रडायचं थांबतं, म्हणून पंपू. ठीक आहे, चार दिवस गंमत. पण आता आई पंपू म्हणते, शेजारची शिंपीण पंपू म्हणते, आणि मागच्या वेळी तुझी वहिनीही म्हणाली, "पंपू झोपलाय." मी ठरवलेलं नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या नावाने हाक मारा. सवय लागली पाहिजे.

आणखी एक विचारायचं होतं. पुढच्या पत्रात विचारतो.

तुझा मोठा भाऊ
(आणि पोराचा बाप. दाखल्यावर आहे, बघून घे.)

ता. २ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद. आईला नमस्कार.

अर्जाची आठवण करून देणारं तुझं पत्र आलं. तुला कसली घाई आहे कळत नाही. खोली मला मिळायची आहे. ती दोघं इकडे आली की तुझ्याच डोक्यावरचा भार उतरेल. उतरायला हवाय ना?

काम चालू आहे. सध्या आमच्या लाँड्रीत धुलाईला इस्पितळाचे कपडे जास्त येतात. मी गरम रोलरवर असतो, ओली चादर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन निघते. मनगटावर भाजलं होतं ते बरं आहे. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चिमुकल्या चादरी वेगळ्या गठ्ठ्यात येतात. मुकादम म्हणतो तुझी बोटं बारीक आहेत, त्यांच्या घड्या तूच घाल. म्हणजे दिवसभर लोकांच्या पोरांच्या चादरी माझ्या हातात. डागावरून कळतं, कोण दूध ओकतं, कोण नाही. आपलं ओकायचं का, मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

माझ्या शेजारच्या खाटेवर ठोंब्या होता, मागे लिहिलं होतं बघ, बुटाची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेतो तो. त्याच्या मुलीचा दाखला एका फेरीत आला, नावासकट. बायको-मुलगी येऊनही पोचल्या. जोडप्यांच्या इमारतीत खालचीच खोली आहे, खिडकीला पिवळा पडदा लावलाय. मला कामावरून यायला दुसरी वाट आहे, तरी मी त्या खिडकीवरूनच येतो. काल त्याची मुलगी खिडकीचे गज धरून बाबा बाबा करत होती, आणि हा आतून "आलो गं, आलो" म्हणत होता आणि उठत नव्हता. जसं काय रोजचंच आहे. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

कारकून म्हणतो दोनच खोल्या उरल्यात. मार्च संपेपर्यंत नावाची नक्कल आली नाही तर पुढच्या माणसाला देणार. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता रविवारच्या व्हिडिओ कॉलबद्दल. मी त्याला मी ठरवलेल्या नावाने हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली. तो फोनची कड चावत होता. तुझी वहिनी म्हणाली, "बघ रे, बाबा बोलावतायत." नाही बघितलं. तेवढ्यात बाहेर दुकानात तू कोणाच्या तरी चाकात हवा भरायला लागलास. आवाज आल्याबरोबर पोराने फोन टाकला आणि रांगत सुटला. फोन उताणा पडला. मला आपल्या घराचं छत दिसत होतं आणि तुमचं सगळ्यांचं हसणं ऐकू येत होतं. फोन उचलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी तसाच बघत बसलो. छताला कोपऱ्यात ओल आलीय, ती बघून घे.

मुद्दाम भरत होतास का हवा?

पोराला दुकानात नेत जाऊ नकोस. ग्रीस असतं, खिळे असतात.

आता विचारतोच. त्या बाबूने तुला बाप म्हटलं तेव्हा अख्खी रांग हसली, असं तू लिहिलंस. तुझी वहिनी तुझ्या शेजारीच उभी होती. ती हसली का?

एवढंच विचारायचं होतं. अर्ज गादीखाली ठेवलाय, सपाट राहावा म्हणून.

दादा

ता. २४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. आईचा गुडघा शेकतोस हे वाचून बरं वाटलं. छताचंही बघितलंस, चांगलं केलंस.

तू चिडलेला नाहीस असं तीनदा लिहिलंस, म्हणजे चिडलायस. "दादा, खिळे दुकानात नसतात, लोकांच्या टायरमध्ये असतात" हे वाचून मला हसू आलं, आणि आलं म्हणून आणखी राग आला. आणि ते दुसरं, "काहीतरी म्हणून हाक मारायला लागतेच ना रे, रेघ म्हणून कशी मारू?" हे मी परत परत वाचलं.

पण माझं पत्र तू तिला वाचायला दिलंस, हे बरं केलं नाहीस. तुझ्या पत्राखाली तिने जे लिहिलंय ते तू वाचलंस का माहीत नाही. वाचलंच असशील. तरी उतरवून देतो.

"हसले. सकाळपासून उभी होते, पाय भरून आले होते, कोणीतरी गमतीचं बोललं, हसले. मग मीच त्या बाबूला सांगितलं की ह्याचे वडील कामाला लांब असतात, आणि तुमचं पूर्ण नाव सांगितलं. ते भावजींनी लिहिलं नाही, कारण त्यात गंमत नाही. नाव मी ठेवणार असं तुम्ही वर्षभर म्हणताय. भावजींनी ठेवूनही टाकलं. माझ्याही मनात एक आहे. मला कोणी विचारलं?"

मी हे जेवणाच्या सुट्टीत मळक्या कपड्यांच्या ढिगावर बसून वाचलं. आधी मला 'हसले' एवढंच दिसत होतं, पुढचं काही दिसेना. 'नाही' लिहून मोकळी झाली असती तर मी मानलं असतं. सुट्टीनंतर रोलरमध्ये चादर वाकडी गेली, मुकादमाने सगळ्यांसमोर काढली माझी. संध्याकाळी पिवळ्या पडद्यावरून आलो. पडदा लावलेला होता.

मी तुझ्यावर जळतो रे. ती तुझ्या सायकलवर बसते, पोर तुझ्या खांद्यावर झोपतं, ते तर आहेच. पण कधी तू वैतागून "घ्या याला कोणीतरी" म्हणत त्याला खाली ठेवत असशील ना, त्याच्यावर मी जास्त जळतो. मला अजून त्याचा कंटाळासुद्धा आलेला नाही. पेन नव्हतं वगैरे सगळं खोटं. ठोंब्याकडे दोन आहेत. मला वाटायचं, ती रेघ आहे तोवर पोर अजून कोणाचंच झालेलं नाही. तोवर मला उशीर झालेला नाही. आणि माझं नाव चढवलं आणि त्या नावालाही त्याने मान वळवली नाही तर काय, हेही होतंच.

अर्जावर सही केली. तिच्या सहीशेजारी, तिच्याइतकीच दाबून. नावाची जागा तशीच सोडलीय. सोबतच्या लहान पाकिटात घालून चिकटवलंय, वर तिचं नाव आहे. तिच्या हातात दे, उघडू नकोस. नाव ती लिहील. मी ठरवलेलं नाही, तुझं तर नाहीच. फिटंफाट. फक्त मला कोणी आधी सांगू नका, फोनवरही नको. नक्कल आली की कारकुनासमोर उभा राहून वाचीन.

कचेरीत तिला तूच ने. दुसरं आहे कोण? सायकलच्या कॅरिअरला जाड काहीतरी बांध, पोराला तिच्या मांडीवर दे. बरोबर पाणी ने, बसायला एखादं स्टूल ने. फार वेळ लागला तर गमतीचं काहीतरी बोल, पाय भरून येतात तिचे. बढतीवालं मात्र नको. ते एक सोडून काहीही बोल.

नवीन नक्कल वेळेत आली तर खोली मिळेल. जिन्याजवळची उरलीय, खिडकी एकच आहे, पण सकाळी ऊन येतं. मी बघून आलो.

आणि ती दोघं इकडे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर तुझ्या दुकानातला तो पायाने दाबायचा जुना पंप पाठव, ज्याची नळी फाटलीय तोच. हवा नाही भरली तरी चालेल, आवाज आला पाहिजे. इथे आल्यावर पोर मला बघून रडेल, तेव्हा माझ्याकडे काहीतरी असायला हवं.

तुझा दादा,
पंपूचा बाप