पाहणीआधीची कापणी

प्रिय लिओना,

अनेक आशीर्वाद. देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहोत. तुझा गुडघा जिने चढू देतो का? शाळेच्या थंडगार चॅपेलमध्ये तू माझ्या कोटाचं टोक गुडघ्यांखाली घ्यायचीस, ते या दिवसांत फार आठवतं. (कोट अजून आहे. टोक नाही.)

अलॉयसचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. आजारी नवरा म्हणून तो कसा आहे ते विचारू नकोस. दिवसभर खिडकीत बसून सोयाबीनकडे बघत "वाळलं गं, वाळलं" म्हणायचा. गारांनी निम्म्या शेंगा झोडपल्या होत्या, आणि सरकारी मदतीची अट अशी की अधिकारी पाहून जाईपर्यंत पीक उभं हवं, सगळं नाही तर निदान एक पट्टा. मदत मिळाली तर पुढच्या वर्षी पेरायचं, नाही तर जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची, असं आमचं ठरलं होतं. पाहणी सोमवारी होती.

शनिवारी त्याला तपासणीला नेलं. परत येते तो अंगणभर गाड्या आणि शेत साफ! आपल्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं की शेजारी त्याचं पीक काढून देतात, तेही न विचारता, कारण विचारलं की माणूस नको म्हणतो. बायकांनी माझ्याच ओव्हनमध्ये माझ्यापेक्षा चांगला सफरचंदाचा केक भाजला होता. शेजारचा नॉर्बर्ट हार्वेस्टरवरून उतरून म्हणाला, "म्हाताऱ्या, रडतोस काय? नाचता येत नाही म्हणून?" अलॉयस खरंच रडत होता. कशासाठी, ते मलाच ठाऊक. अशा माणसांना काय सांगणार? मी कॉफी ओतत राहिले.

ओढ्याच्या वळणावर एक पट्टा तेवढा उभा होता, कारण त्यांच्या अवाढव्य यंत्रांना तिथे वळता येईना. रविवारच्या मिस्सेत मी त्या पट्ट्याबद्दल देवाचे आभार मानले. सोमवारी मी अधिकारी बाईंना तिथे घेऊन गेले, तर तोही कापलेला!

"काकू, पीक कुठंय?"

"होतं हो, परवापर्यंत होतं."

"मी काय खुंटांना गारा लागल्या असं लिहू?"

आता अपील काउंटीच्या समितीपुढे. तिथे निकाल देणारे तीन शेतकरी. नॉर्बर्ट आणि त्याचा मेहुणा आमच्याच शेतात राबले, म्हणून त्यांना बसता येणार नाही. उरला तुझा नवरा क्लेटस (साडूचं नातं तिथे आड येत नाही म्हणे), जो शेतातल्या चराच्या पाण्यावरून भांडल्यापासून आमच्या अंगणात फिरकलेला नाही. म्हणजे मदतीला न आलेल्या एकट्या माणसाच्या हाती आमचं सगळं. अलॉयस म्हणतो, "त्याच्यापुढे हात पसरू? त्यापेक्षा जमीन देऊन टाकतो."

तुझी बहीण,
बर्नडीन

ता. क. – क्लेटसला एवढंच सांग, चराचं पाणी बाजूला ठेव आणि खरं असेल ते बोल. पत्र याचसाठी लिहिलं.

आणखी ता. क. – पाकीट परत उघडलं. अलॉयस काठी टेकत ओढ्यापर्यंत जाऊन आला. म्हणतो, कापणीच्या ओळी अरुंद आहेत, एवढं जुनं, छोटं यंत्र क्लेटसशिवाय कुणाकडे नाही. रविवारी तो मिस्सेला का नव्हता ते कळलं. (तू सर्दी म्हणालीस!) वरची विनंती रद्द. अपीलही मागे घेतोय, नाही तर त्याने चांगुलपणाने कापलेल्या पट्ट्यानेच आमची मदत बुडाली, हे त्याला कळेल. तूही सांगू नकोस. येत्या रविवारी दोघं जेवायला या. जमीन कुणाला कसायला द्यायची, ते अलॉयसने ठरवलंय. तो क्लेटसला विचारेल तेव्हा तू काहीच माहीत नसल्यासारखं कर.