परत आलेलं ताट

२४ डिसेंबर २०२५

ठण्ण — ठण्ण — ठण्ण. लिंबाला टांगलेला तो रुळाचा तुकडा! आमच्या ख्रिस्ती मंडळीला घंटा परवडत नव्हती, म्हणून कोणीतरी रेल्वेच्या भंगारातून आणलेला. उपासनेला तोच, शाळेला तोच, आणि बहात्तरच्या दुष्काळात मदतीची सुकडी वाटायची वेळ झाली की तेव्हाही तोच. आज करंज्या तळताना सुनेच्या, मीनाच्या, हातून झारा फरशीवर पडला आणि तो आवाज कानात परत आला. मागोमाग आई आली — नंदाबाई, मिशनची बायबलबाई, डोक्याला पदर, पुढ्यात सुकडीची परात. आणि बाजूला विशीतला मी, मापटं धरून. किती वेळ बसलो कोण जाणे. करंज्या निवाल्या.

२५ डिसेंबर

उपासना सुरेख झाली. मंडळी दाटून बसली होती.

दुपारी मीना दरवर्षीसारखी फराळाची ताटं घेऊन गावात गेली. सर्जेरावकडचं ताट परत आलं. रुमालसुद्धा उचललेला नाही. ओसरीवर माणसं बसलेली, त्यांच्यादेखत तो म्हणाला, "मास्तरला सांग, सुकडीवर बाटलेल्यांचं आम्ही खात न्हाई." मीना हे हसत हसत सांगत होती. ताट मात्र तिनं ओट्यावर आपटलं.

सर्जेराव! माजी सरपंच, चांगला बागायतदार, आणि माझा विद्यार्थी. त्याला कविता मी शिकवली, बाकावर ताल धरून.

सुकडीवर बाटले म्हणे. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं. गावाच्या शाळेच्या ओट्यावर त्यांना बसू देत नव्हते. मिशनच्या शाळेत पाटी हातात मिळाली. पोटासाठी नाही गेले, पाटीसाठी गेले. सुकडी आली त्यानंतर तीन पिढ्यांनी. आणि ती खाल्ली कोणी? गावानं खाल्ली! सर्जेराव तेव्हा सात वर्षांचा असेल. त्याची आई गिरिजाबाई दिवेलागणीला तोंडावर पदर ओढून मिशनच्या मागल्या दाराला यायची. रिकामं पातेलं पुढे करायची. भरून मी द्यायचो.

सांगणार. चारचौघांत सांगणार.

२७ डिसेंबर

राधेश्याम सर आले होते, शाळेचे मुख्याध्यापक. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, लगेच तिथंच ग्रामसभा. "जुने शिक्षक म्हणून गावाच्या इतिहासावर बोला."

त्यांचा चहा यायच्या आधी हो म्हटलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

प्रभुभोजन. भाकर माझ्यापर्यंत आली, मी शेजारी सरकवली. प्यालाही. मनात कोणाविषयी किल्मिष असेल तर घ्यायचं नाही, आधी जाऊन मिटवून यायचं — आमच्यात हे लहान पोरालाही ठाऊक. अख्ख्या मंडळीनं पाहिलं. पाहू दे.

बाहेर पाळकांनी गाठलं. कल्याण पाळक, वयानं माझ्या मुलाएवढे.

"काका, तब्येत बराबर न्हाई का?"

"झकास आहे."

"मंग? कुणाशी भांडून राह्यलेत काय?"

"अजून नाही. सव्वीसला."

९ जानेवारी

भाषणाची सुरुवात भुजंगप्रयातात जमली — 'जरा आठवा ते रिते भांड दारी'. 'भांडे'चं 'भांड' केलं, एवढी सूट कवीला असते. दिवसभर गुणगुणत होतो. मीना म्हणाली, "मामंजी आज खुशीत दिसतात." खुशीतच होतो.

१५ जानेवारी

पाळक घरी आले. मीनानं सगळं सांगितलेलं दिसतं. क्षमेवर बोलले. मी विचारलं, "मागायला कोणी आलंय का?" ते उठले. मग जाता जाता म्हणाले, "तुमच्या आईनं काय शिकवलं व्हतं, काका?"

हे विचारायला नको होतं.

आईचा नियम: मागल्या दारानं येणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही, भांडं पाहायचं. आणि बाहेर नाव काढायचं नाही, मरेपर्यंत. तिनं पाळला. आजवर मीही पाळला. पण तिच्या ताटावर असं कोणी थुंकलं नव्हतं. की थुंकलं होतं, आणि ती मला बोलली नाही?

१६ जानेवारी

तरीही सांगणार.

२१ जानेवारी

स्वप्नात सर्जेराव मान खाली घालून उभा. गोड झोप लागली.

२३ जानेवारी

वाटूरला औषधं आणायला गेलो. फाट्यावर सर्जेराव भेटला. गाडीची काच खाली करून म्हणतो, "मास्तर, सव्वीसला इतिहास सांगून राह्यलात म्हणे. आमचं बी नाव घ्या."

"घेणार आहे."

"आमच्या घरानं बहात्तरला कुणापुढं हात पसरला न्हाई, हे बिलकुल सांगा. घनसावंगीहून मामा धाडायचा आम्हाला." डोळ्याला डोळा भिडवून! पापणी हलली नाही. असा सफाईदार खोटारडा माझ्या वर्गातून निघाला.

गाडी गेली. उरलेली दया तिथंच धुळीत पडली. बरं झालं.

२५ जानेवारी

उपासनेला गेलो नाही. भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी त्याचं नाव येतं तिथे थांबायचं. लोकांना वळून त्याच्याकडे पाहायला वेळ द्यायचा.

२६ जानेवारी, सकाळ

सदरा घातला, भाषण खिशात घातलं, तोच कडी वाजली. दारात गिरिजाबाई. ऐंशीला टेकलेली, एकटी, काठी टेकत आलेली.

"मास्तर, तुम्ही काय बोलणार ते तुमच्या सुनेकडून मला कळलं. सर्जाला ठाव न्हाई. मामानं धाडलं म्हणून मीच सांगत आल्ते. खरं सांगितलं असतं तर सासऱ्यानं पातेलं उकिरड्यावर ओतलं असतं, अन् लेकरं मेली असती." दम खाल्ला. "पुढंबी सांगायची हिंमत झाली न्हाई. आज मी सांगते, माईकवर. तुम्ही संगं चला."

चहा टाकायला सांगू का, एवढंच विचारलं.

"चहा ऱ्हाऊ द्या. पाणी द्या."

झेंडावंदनाला निघालेलं गाव रस्त्यावरून चाललं होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि सगळ्यांदेखत आमच्या तांब्यानं पाणी प्याली.