वर्धनगडच्या घाटातलं चाक

कराड,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय तानाजीस,

इंद्रजितचा नमस्कार. तू, घरची मंडळी आणि तुझी डाळिंबं खुशाल असावीत. मीही ठीक आहे. फक्त एका अन्यायाची दाद मागायला जिल्ह्यात जागा उरली नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

अन्याय असा, की कराड आणि सातारा मिळून एकाही सायकलवाल्याकडं कॉटर पिन मिळत नाही. करंगळीएवढा लोखंडाचा तुकडा, पण तो ठोकल्याशिवाय पायडलचा दांडा जागेवर बसत नाही. सात दुकानं पालथी घातली. एकानं ती जुनी पिन हातात घेऊन उलटसुलट केली आणि ट्रॅक्टरची आहे का म्हणून विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं, काका, नवीन घ्या, एकवीस गिअर हायत. एकवीस गिअर टाकून मी जाऊ कुठं? शेवटी ओगलेवाडीच्या एका लेथवाल्यानं माझी कटकट थांबावी म्हणून दोन पिना घडवून दिल्या.

तर सायकल दुरुस्त करतोय. माझी, शर्यतीची, साखर कारखान्यानं आपल्या संघाला दिलेल्यांपैकी.

मे महिन्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या भाषणात साहेबांनी मला नामवंत सायकलपटू म्हटलं, तेव्हा शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलेला माणूस दचकून माझ्याकडं बघायला लागला. बायको, विजयमाला, त्याच्या आधीच मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. नात आता दोन वर्षांची आहे, बाळंतपण अजून संपलेलं नाही. जाताना म्हणाली, तुमचं तिरकं बोलणं ऐकायला भिंती आहेत. आहेत खऱ्या. चांगल्या ऐकतात. त्यामुळं बाहेरच्या खोलीत सायकल उघडून ठेवायला आता कुणाची हरकत नाही. बेअरिंगचे छर्रे मी वरणाच्या वाटीत रॉकेलमध्ये भिजत घातले होते. वाटी लागते कुणाला?

मागचं चाक काढलं तेव्हा हबवर खिळ्यानं कोरलेला 'ता' दिसला. हे चाक तुझं.

तुला फोन करणार होतो. नंबर आहे. पण तू 'कोण?' म्हणून विचारशील, मी नाव सांगीन, आणि मग तू काहीच बोलणार नाहीस, एवढं मला आताच ऐकू येतंय. कागद बरा. कागदाला मधेच गप्प बसता येत नाही.

मग मी वडूजला गेलो, तुझ्या बहिणीकडं. राहीबाईला सांगितलं, सहज या बाजूला आलो होतो. कराडचा माणूस वडूजला सहज कसा येतो, हे तिनं विचारलं नाही. चहा दिला. तुझी सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती, वर एकतीस वर्षांची धूळ. शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी तू ती तिथं टांगलीस आणि म्हसवडला एसटीनं गेलास, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तानाजीनं पुन्हा शर्यत का नाही धरली? त्या दिवशी तो माझ्यापेक्षा जोरात होता.

ती म्हणाली, "आवं, जोर हुताच की. पर दादा म्हणायचा, कप्तानाच्या म्होरं जायाचं नसतंय." निघताना तुझी सायकल दुरुस्तीला म्हणून तिच्याकडून मागून आणली.

आता पुढचं तुला माहीत असलेलंच लिहितो, पण ते तू माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस.

जानेवारी चौऱ्याण्णव, सांगली ते सातारा. पहिला येईल त्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, जागा एकच. संघाला शिकवणाऱ्या नानासो मास्तरांनी मला कप्तान केलं, कारण माझे वडील कारखान्याचे संचालक होते. तुला मागचा गडी केलं, कारण तुझे वडील मेंढरं राखत होते. मास्तरांचा नियम तुला पाठ होता. कप्तानाचं चाक गेलं की मागच्यानं आपलं काढून द्यायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. बाकीचे पुसेगावातच मागं पडले. वर्धनगडच्या चढाला आपण दोघंच. माझ्या पोटऱ्या दगड झालेल्या, आणि मागं तू शीळ घालत होतास.

ती शीळ ऐकून मला वाटलं, हा आता पुढं जाणार. नियम गेला खड्ड्यात, जागा एकच आहे. तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो. म्हणून वळणावर उतरलो, वाकलो, व्हॉल्व्हचा आटा सैल करून हवा सोडली आणि पंक्चर म्हणून ओरडलो.

तू उतरलास. माझ्या टायरवर अंगठा दाबून बघितलास. मग माझ्याकडं बघितलंस, फार वेळ नाही. आपलं चाक काढून मला बसवलंस आणि म्हणालास, "व्हा म्होरं, कप्तान."

साताऱ्यात माझ्या गळ्यात हार होता तेव्हा तू आलास, चौथा. माझ्याच चाकावर. मास्तरांनी विचारलं, पंक्चर चाकावर आलास कसा? तू म्हणालास, "वाटंत एकानं पंक्चर काढून दिलं."

मी ते खरं मानलं. नशिबानं काट्याबिट्यानं खरंच पंक्चर झालं असेल, अशी एकतीस वर्षं मनाची समजूत घालत नोकरी केली. कचेरीत लोकांच्या खोट्या बिलांवर इतकं झोंबरं बोलायचो, की माझ्या टेबलाशी यायला माणसं घाबरायची. त्याचा मला अभिमान होता.

मागच्या आठवड्यात तुझ्या सायकलला असलेल्या माझ्या चाकाचं टायर उतरवलं. ट्यूब वाळून कागदासारखी झाली होती, पण अख्खी होती. दिव्यापुढं धरून बोटाबोटानं तपासली. तिच्यावर कुठंही ठिगळ नव्हतं, पॅच नव्हता, सोल्यूशनचा डागसुद्धा नव्हता.

म्हणजे मी वळणाआड गेल्यावर तू आटा आवळलास, पाठीचा पंप काढून हवा भरलीस, आणि तुला सगळं कळलं. तरी मास्तरांपुढं माझ्यासाठी खोटं बोललास. मास्तर तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं. तुला सांगायला मात्र मला पुरावा सापडावा लागला, हे जास्त वाईट.

तुझी सायकल पूर्ण झाली आहे. पुढच्या चाकाचा चिमटा सरळ केला, रंग तोच निळा मारला, चेन नवी, ब्रेकचे रबर नवे. माझं चाक मी काढून घेतलं. माझ्या सायकलचं मागचं, 'ता' कोरलेलं चाक सोडवलं, त्याच्या तारा आवळल्या, फिरताना डुलायचं तो आऊट काढला, आणि ते तुझ्या सायकलला बसवलं. हातानं फिरवलं तर बराच वेळ आवाज न करता फिरत राहतं.

धनाजी टेंपोवाला उद्या म्हसवडला सिमेंट घेऊन येतोय. सायकल त्याच्याबरोबर पाठवतो, हे पत्र खोगिराला बांधून. मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय यायचा मला हक्क नाही. उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. टायरात हवा भरून ठेवली आहे, एकदा अंगठा दाबून बघ.

तुझ्या मागं राहायला हवा होता तो,
इंद्रजित