सहावी कडी रिकामी

अ‍ॅशग्रोव्ह, आयोवा
२४ फेब्रुवारी २००३

प्रिय लाईल,

समोरच्या घरातून टपालाने पत्र यावं याचं तुला नवल वाटेल. रस्ता ओलांडायचं बळ नाही. गुडघ्यांचं म्हणत नाही मी. खोकला कसा आहे? खिडकीतून तुझं धुराडं दिसतं. धूर निघाला की मला बरं वाटतं.

व्हर्नाच्या हॉटेलातल्या त्या ताटाखालच्या कागदी चटया, राष्ट्राध्यक्षांच्या चित्रांच्या, त्यातली एक घरी घेऊन आलोय. किती वर्षं आपण त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या: खरा जुन्या वळणाचा, सरकार लहान ठेवणारा कोण, नावापुरता कोण. तुझा पहिला नंबर कूलिजला. "कमी बोलला, कमी खर्च केला, घरी गेला." मी आयझेनहॉवरला वर चढवला की तू म्हणायचास, "देशभर रस्ते सरकारनेच बांधले ना? मग त्याच रस्त्याने उतरव त्याला खाली." रेगनने कर आधी उतरवले, मग चढवले, यावरून आपला आठवडाभर अबोला. व्हर्ना म्हणायची, "म्हातारबुवा, राष्ट्राध्यक्ष उचला, अंडी ठेवायचीत."

गेल्या सोमवारी निक्सनवर आलो. सक्तीची लष्करभरती त्यानेच बंद केली, असं मी म्हणालो. तू पेन्सिल खाली ठेवलीस.

"बापाच्या अंगणातून पोरगा उचलून न्यायचा, यात जुनं वळण कुठलं? आणि बंद केली ती कर्टिस व्हिएतनाममध्ये मेल्यावर तीन वर्षांनी. कुणी नेला माझा पोरगा?"

"वॉशिंग्टनच्या सरकारने," मी म्हणालो.

"हार्लनने," तू म्हणालास आणि उठून गेलास.

दुसऱ्याच दिवशी आपला जुना सोबती हार्लन वारला. खांदेकऱ्यांची सहा नावं त्याने स्वतः लिहून ठेवली होती, त्यात तुझं होतं. तू आला नाहीस. शवपेटीची सहावी कडी रिकामी राहिली आणि पेटी सगळा वेळ तुझ्या बाजूला कलत होती.

कर्टिस माझ्या वर्गात कविता म्हणायचा. तिसऱ्या कडव्यात हमखास अडकायचा, माझ्याकडे पाहायचा, आणि मी पुढची ओळ पुटपुटायचो. एकोणसत्तरच्या डिसेंबरात, पोस्टाच्या वरच्या खोलीत, लष्करात कोणाला धाडायचं ते ठरवणाऱ्या भरतीमंडळाचे आम्ही पाच जण बसलो होतो. पाचही गावचेच. शेतीसाठी त्याला भरतीतून सूट द्यायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं. हार्लन म्हणाला, "द्या रे, लाईलला शेतात दुसरा माणूस नाही." दोघे द्या म्हणणारे, दोघे नको म्हणणारे. राहिलो मी. गाव म्हणेल, मास्तराने मित्राचं पोर वाचवलं, दुसऱ्यांची धाडली. दाराच्या काचेतून कर्टिस माझ्याकडे पाहत होता, तिसऱ्या कडव्यात अडकल्यासारखा.

मी नको म्हणालो.

मग तुझ्या अंगणात येऊन सांगितलं की हार्लन ऐनवेळी फिरला. मतं बाहेर सांगायची नाहीत असं ठरलं होतं. हार्लनने ते तेहतीस वर्षं पाळलं. तू त्याच्याकडे पाठ फिरवायचास तेव्हाही.

सरकार मोठं हवं की लहान, यावर आपण जन्म घालवला लाईल. कर्टिसला नेलं ते सरकार पाच खुर्च्यांचं होतं.

हार्लनची बायको आयडा घरी एकटीच आहे. आधी तिच्याकडे जा. मला उत्तर पाठवू नकोस. व्हर्नाकडे आता मी येणार नाही, तू जात जा. धुराड्यातून धूर तेवढा निघत राहू दे.

तुझ्या मुलाचा मास्तर,
एल्डन