ओठांवरचे पाढे

आई, माझी नात सतराचा पाढा इतक्या मोठ्यानं म्हणते की शेजारीण कौतुकानं डोकावून जाते. मी मात्र दर वेळी दचकून आतल्या खोलीकडे बघते. तिथं कोणी झोपलेलं नसतं. बाबा गेले, मागोमाग तूही गेलीस, त्यालाही आता किती वर्षं झाली, पण बाबांची नाईटपाळी काही माझ्या अंगातून जात नाही.

हिंदी मुलखातल्या रुआबांध्याची ती कवेलूंच्या छपराची एकच खोली. कारखाना उभा राहत होता, बाबा लोखंडी खांब चढवणाऱ्या टोळीत खलाशी, म्हणजे दोरखंड ओढणारे मजूर, होते, आणि आम्हा दोघा भावंडांना जाता येईल अशी शाळा जवळपास नव्हती. म्हणून तूच शाळा झालीस, चौथी पास मास्तरीण. बाबा नाईट करून आले की खोली त्यांच्या झोपेची. मग तू आम्हाला घेऊन तलावाच्या पाराला, त्या मातीच्या बांधावर, जायचीस. मला तेच आठवडे आवडायचे. पाढे ओरडून म्हणायचे, धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, पावलांनी मोजायच्या, ओल्या मातीत काडीनं नकाशा काढायचा, आणि दूर उंच होत चाललेल्या चिमणीवरून दिशा ओळखायच्या. एकदा धाकट्याची पाटी तलावात पडली. ती काढायला तो उतरला आणि पायाला जळू घेऊन वर आला. चिंचेबरोबर खायला पदरात बांधलेलं मीठ तू जळूवर टाकलंस आणि म्हणालीस, "भूगोल राहू द्या आता. आज जळू शिकू." अशी बेरकी मास्तरीण मला पुढं कॉलेजातही भेटली नाही.

पाऊस असला की बाहेर जाता येत नसे. तेव्हा शाळा चुलीशी, आणि तुझा नियम एकच, "ओठ हलू दे, आवाज नको." बाबा कामावर असले तरी भिंतीपलीकडचा खलाशी झोपलेला असायचा. छपराखाली पाढा कुजबुजायचाच, असं आम्ही धरूनच चाललो होतो. तू तांदूळ निवडता निवडता आमच्या ओठांकडे बघायचीस आणि नेमकी चूक पकडायचीस. "सात सक बेचाळीस. तू काय चव्वेचाळीस म्हणून राहिली?" तेही कुजबुजतच. तुझ्यापुढं ओठ हलवून फसवायची सोय नव्हती.

मग कारखान्याच्या टाउनशिपमध्ये हिंदी शाळा उघडली. बाबा म्हणाले, "वयापरमानं वर्गात घेतलं तं ठीक. पोरीले पहिलीत बसवलं तं दोघायलेही मामाकडं धाडू. तिकडं मराठी शाळा तरी आहे." मामाचं गाव गोंदियाच्याही पलीकडं. बाजारातल्या दुकानदाराकडून हिंदी आकडे शिकून आलीस आणि आमचे पाढे पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेस. मला मामाकडं जायचं नव्हतं. तू नसलेलं घर कसं असतं हे मला माहीत नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं.

हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी सतराचाच पाढा विचारला. मी म्हणायला लागले, जसा येत होता तसा. ते कानामागं हात धरून पुढं वाकले. "जोर से बोलो, बेटी." मी आणखी नीट ओठ हलवले. त्यांनी मान हलवली. "इसको नहीं आता. पहली में बिठा देते हैं."

धाकटा रडायला लागला. साहेब माणसांपुढं एरवी तोंड न उघडणारी तू दारातून सरळ आत आलीस. "आता है, साहेब. बराबर बोल रही, मैं देखी न. इसके बाबा नाईट करते, दिन में सोते. बाहर लेके पूछो."

ते हसले नाहीत. उठले आणि आम्हाला मैदानात घेऊन गेले. तू मला म्हणालीस, "पोरी, इथं कोणी झोपलं नाही. म्हण आता." आणि मी म्हटला, तलावाच्या पारावर म्हणायचे तसा, पार कुंपणापलीकडं ऐकू जाईल असा. मधेच, "सत्रह पंचे पचासी" म्हणून मी क्षणभर थांबले. अडले असं सगळ्यांना वाटलं. अडले नव्हते गं. माझ्याबरोबर तुझेही ओठ हलत होते, ते बघत होते.

मला तिसरीत घेतलं, धाकट्याला त्याच्या वयाच्या पहिलीत. मामाचं गाव टळलं. बाबा त्या दिवशी जिलेबी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन निघाले तेव्हा तू चुलीशी एकटीच बसली होतीस, तेव्हा कुठं मला कळलं की आपली शाळा बंद झाली. मामाकडं गेले नाही, तरी काहीतरी सुटलंच. आजही त्या शाळेची फार आठवण येते, आई.

हे पत्र टाकायचं कुठं? म्हणून म्हटलं, निदान तुला मोठ्यानं वाचून दाखवावं. दार लावून बसले, घरात कोणी नाही, कोणाची नाईट नाही. तरी पहिल्या दोन ओळींतच आवाज गेला आणि नुसते ओठ हलत राहिले. सगळं पत्र तसंच वाचलं. तुला तेवढं पुरायचं.