ऑप्शनला टाकलेलं प्रकरण

सर, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर रागवायला हरकत नसावी. जिवंत होतात तेव्हा ते जमलं नाही. कन्नड तालुक्याच्या कॉलेजात तुमच्यापुढं तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती, आणि मी तर खेड्यातून एसटीनं येणारी, दोन वेण्या घातलेली पोरगी. तुम्ही आम्हाला अमेरिकेचा इतिहास शिकवायचात. शिकवायचात म्हणजे नोट्स सांगायचात. एका हातात खडू, दुसरा सफारीच्या खिशात, आणि स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं म्हणायचात. परीक्षा जवळ आली की कोणते प्रश्न आयएमपी ते सांगून टाकायचात आणि बाकीचं ऑप्शनला टाका म्हणायचात. टाकलेलं प्रकरण कुणी उघडूनही बघायचं नाही, पेपरात आलंच तर तो प्रश्न सोडून द्यायचा. सगळा जिल्हा असाच पास होत होता, त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. पण एक प्रकरण तुम्ही टाकलंत ते माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

त्या दिवशी तुम्ही सांगितलंत, 'गुलामगिरी नष्ट झाली, पूर्णविराम.' मी उभी राहिले. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "सर, मग ती माणसं कुठं गेली?" वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही हसला नाहीत. "कुठं जात्येत? तिथंच राह्यली. पुढलं प्रकरण समद्यांनी ऑप्शनला टाका. आन् तू, परीक्षेला येत नाय ते इचारत जाऊ नको." मी खाली बसले. सुट्टीत शिपायानं मला स्टाफरूममध्ये बोलावलं. वाटलं, आता आणखी बोलणी खावी लागणार. तुम्ही तुमच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवलात आणि हलक्या आवाजात म्हणालात, "पोरी, पुढलं लई वंगाळ हाय. वाचलं की माणसावरचा इश्वास उडतो. आधी पास हो, नोकरीला लाग, मग वाच." म्हणजे तुम्ही ते वाचलेलं होतं. माहीत नव्हतं म्हणून नाही, माहीत होतं म्हणून टाकलंत. मला राग त्याचा येतो.

मी तुमचं ऐकलं. पास झाले, नोकरीला लागले आणि मग वाचलं. आता इथं शहरातल्या कॉलेजात तोच पेपर मी शिकवते. गुलामगिरी गेल्यावर ती माणसं तिथंच राहिली आणि त्यांना गाठून गाठून मारलं. कुणी गोऱ्या बाईकडं बघितलं म्हणून, कुणी रस्त्यावरून बाजूला झाला नाही म्हणून, कुणाचं दुकान जरा बरं चाललं म्हणून. खटला नाही, चौकशी नाही. गर्दी जमायची आणि झाडाला टांगायची. दिवसाढवळ्या, बायकालेकरांसकट माणसं बघायला यायची, त्याचे फोटो निघायचे, पोस्टकार्डं छापून पाहुण्यांना धाडली जायची. मी ते फोटो बघितले, सर. झाडाकडं फार वेळ बघवत नाही. नजर खाली गर्दीकडं येते. माणसं लग्नातल्या ग्रुप फोटोला उभी असावीत तशी उभी आहेत, भांग नीट पाडून. एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन आहे, तिला नीट दिसावं म्हणून.

फोटो बघताना मला आपला वर्ग आठवला. पुढच्या बाकांवर बागायतदारांची मुलं, मुली खिडकीच्या बाजूला, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मुलं शेवटच्या रांगेत. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, ती आपोआप तिथंच बसायची. त्याच वर्षी आमच्या शिवारालगतच्या गावात शेवटच्या रांगेतल्या एका मुलाच्या चुलत्याला गावानं मिळून मारलं होतं आणि मारणाऱ्यांतल्या एकाचा भाऊ पुढच्या बाकावर बसत होता. त्या दोघांच्या मधे उभं राहून ते प्रकरण तुम्ही कसं सांगणार होतात? हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

मी ठरवलं, आपण टाकायचं नाही. दरवर्षी ते प्रकरण पूर्ण शिकवते, फोटोसकट. वर्गात एका मुलाला सगळे 'निग्रो' म्हणून हाक मारायचे. ते बंद करायला लावलं. माझ्यासमोर तरी बंद झालं. लग्न ठरलेल्या मुलींना गोरं व्हायच्या क्रीमवरून लेक्चर दिलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि क्रीम लावलंच. मी मागं हटले नाही. विद्यापीठात शिकायला आलेला सुदानचा एक मुलगा गल्लोगल्ली खोली शोधत हिंडत होता. पाटी दिसायची, फोनवर हो म्हणायचे, आणि हा दारात उभा राहिला की खोली 'आत्ताच गेलेली' असायची. मी त्याला आमची वरची खोली दिली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, सर. वर्गात दोनदा-तीनदा उदाहरण म्हणून सांगितलंही. मुलगा मोठा लाघवी. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन माझ्यापुढं धरायचा. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी. आम्ही एकमेकींना सलाम करायचो आणि जेवलीस का असं हातानं विचारायचो.

मागच्या उन्हाळ्यात ते मेसेज फिरायला लागले, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. तुमच्या वेळी असं काही मोबाइलवर येत नव्हतं, पारावर यायचं, एवढाच फरक. संध्याकाळची वेळ, ऊन उतरलेलं. समोरच्या घरातल्या छोटीच्या सायकलची चेन पडली होती आणि हा गल्लीत उकिडवा बसून ती चढवून देत होता. मी ओट्याशी पोळ्या करत होते. आरडाओरडा ऐकला आणि धावत बाहेर आले, तर त्याची कॉलर कुणाच्या तरी मुठीत होती. मी ओरडले, माझा भाडेकरू आहे, ओळखता ना त्याला! एक जण मला बाजूला करत म्हणाला, "मॅडम, तुमी मधी पडू नका. लेकरं उचलून नेतेत हे लोकं. तुमाला कामून कळंना?" मला ओळखणारा, रोज नमस्कार करणारा माणूस. छोटीची आई दारात उभी होती. चेन तिनंच त्याला लावायला सांगितली होती. मी तिच्याकडं बघून म्हटलं, सांगा ना यांना. तिनं लेकीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. त्याला मारलं, सर. मी मधे पडायला बघितलं तर मला कुणी हात लावला नाही, नुसतं उचलून कडेला ठेवल्यासारखं केलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत त्याचा हात मोडला होता. गाडीतल्या साहेबानं आधी त्याचा पासपोर्ट मागितला. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला त्याला चांगला ओळखायचा, दोघं रोज चहा प्यायचे. मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं, भाई, तुम्ही तरी बोलायचंत. त्यानं हातातल्या पान्यानं नट आवळला. "मॅडम, मैं बीच में आता तो पैले मेरेकूच मारते."

समोरच्या गच्चीवर बायका, मुली, कॉलेजची पोरं मोबाइल धरून उभी होती. त्यांत माझ्या वर्गातली एक मुलगी होती. वर्गातली सगळ्यात हुशार. त्या पोस्टकार्डांचा तास झाला तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यावरचा तिचा निबंध मी सगळ्यांना वाचून दाखवला होता. मी तिला बोलावून घेतलं, अगदी तुमच्यासारखं, चहा दिला. म्हटलं, तू शूटिंग करत होतीस. ती घाबरली नाही, उलट तिला माझंच नवल वाटलं. "मॅडम, ते येगळं ना. तिथली माणसं निर्दोष होती. इथं हा निर्दोष हे आधी कुणाला म्हाईत होतं?" तिनं निबंधात मला हवं ते सगळं बरोबर लिहिलं होतं, आणि माझ्याच हातानं मी तिला पैकीच्या पैकी दिले होते. तुम्ही ते प्रकरण टाकलंत, मी शिकवलं. आपल्या दोघांच्या वर्गांतून बाहेर पडलेली माणसं एकाच गर्दीत उभी आहेत, सर, आणि कोण कुणाचा विद्यार्थी हे मला ओळखता येत नाही.

मुलगा खोली सोडून गेला. प्लास्टरातल्या हातानं खोली झाडून गेला, मी नको नको म्हणत असताना. किल्ली माझ्या हातात देताना त्यानं एवढंच मागितलं, की आईकडं तुमचा नंबर आहे, तिचा फोन आला तर हात पायऱ्यांवरून पडून मोडला असं सांगा. फोन आला. मी हातानं पायऱ्या दाखवल्या आणि पडल्याचं दाखवलं. त्या बाईनं पडद्यावरून माझे आभार मानले, माझ्या लेकराला सांभाळलंस म्हणून. भाषा कळत नव्हती, पण ते कळलं. गल्लीत कुणी माफी मागितली नाही. आठवडाभरानं हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र आलं, आणि मी गेले.

तुम्ही म्हणाला होतात, माणसावरचा विश्वास उडतो. उडाला, सर. मला वाटलं होतं तो इतरांवरचा उडेल. हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून हे लिहिता येतंय. काल दुपारी बेल वाजली. गेटबाहेर दोन मुलं उभी होती, तशीच उंच, तशीच काळी, पाठीवर सॅक, खोली आहे का विचारत. वरच्या खिडक्या बंद आहेत, दोरीवर एक कपडा नाही, हे त्यांना खालूनच दिसत होतं. मी म्हटलं, आत्ताच दिली. त्यांनी वाद घातला नाही, "थँक यू मॅडम" म्हणून पुढच्या घराकडं वळली. कालपासून मी स्वतःला सांगतेय, की त्यांच्या भल्यासाठीच नाही म्हटलं, इथं त्यांच्या जिवाला धोका आहे. ते खोटंही नाही. पण त्यांचं भलं मला गेट लावल्यावर सुचलं. त्याआधी, नाही म्हणण्याच्याही आधी, मी गल्लीत दोन्ही बाजूंना बघून घेतलं होतं, ही मुलं माझ्या दारात उभी असलेली कुणाला दिसत तर नाहीत ना.