लांडग्याला पाजलेलं तेरेरे

बाबा,

बालदिनाला असुन्सिओनच्या बागेत ज्या लांडग्याच्या गळ्यात हात टाकून तुम्ही फोटो काढलात, तो मी होतो. बँकेत मी कधीच नव्हतो. दोन वर्षं लांडग्याच्या वेशात हेच काम करतोय.

ताई तुम्हाला आणि पोरींना घेऊन येईल असं वाटलंच नव्हतं. मुलांसमोर मुखवटा काढायचा नाही, बोलायचं नाही, हा इथला नियम. त्याच्याआड मी लपलो.

"अरे, आत शिजलास की!" म्हणत तुम्ही थर्मासमधलं तेरेरे, आपलं पानांचं गार पेय, शिंगाच्या पेल्यात ओतलंत आणि त्याची नळी जबड्याच्या फाटक्या जाळीतून माझ्या ओठांशी आणलीत. त्यातला पुदिना आपल्या परसातला होता.

आपल्यात पुरे झालं की 'आभार' म्हणायचं, नाहीतर पेला पुन्हा भरतो. मी ते म्हटलं असतं तर तुम्ही आवाज ओळखला असता. म्हणून मी पीत राहिलो आणि तुम्ही ओतत राहिलात.

"आजोबा, हा सगळं संपवणार!" पोरी ओरडल्या.

"पिऊ दे गं. कुणाचं तरी लेकरू आहे. सगळ्यांचं नशीब आपल्या देर्लिससारखं कुठलं, बँकेत गारव्यात बसायला!"

मी मान डोलावली. थर्मास रिकामा झाला. परतीच्या बसमध्ये तुम्ही काय प्यायलात?

काल फोनवर म्हणालात, "फोटो फ्रिजवर लावलाय. तूही हवा होतास त्यात."

"बँकेत फार काम होतं, बाबा," मी म्हणालो.

हे पत्र मी टाकणार नाही, तेवढी हिंमत नाही. आभारही मानत नाही. अजून पुरे झालेलं नाही.

तुमचा,
देर्लिस